सापडलेला ससा पुन्हा पुन्हा खाणं सोडतो, तेव्हा कारण कुठे शोधायचं

बहुतेक वेळा असं घडतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली एक पांढरा ससा सापडतो. वॉचमनकाका त्याला पाव आणि काकडी घालत असतात. कुणाला तरी दया येते आणि तो घरी येतो. पहिले काही दिवस मिळेल ते अधाशासारखं खातो आणि मग एका सकाळी पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसतो. गाजर पुढे धरलं तरी तोंड फिरवतो. दवाखान्यात सलाइन आणि इंजेक्शन दिलं जातं, संध्याकाळपर्यंत कोथिंबीर कुरतडायला लागतो, घरच्यांच्या जिवात जीव येतो. तीन-चार आठवडे जातात आणि पुन्हा तेच.

सोडून दिलेले ससे सांभाळणारी माणसं मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, "ताई, याचं पोट सारखं का बिघडतं?" माझं मत असं की पोट बंद पडणं हा शेवटचा टप्पा असतो. त्याची सुरुवात गवताच्या टोपलीत, दाढांमध्ये, मादीच्या गर्भाशयात किंवा घरातल्या उकाड्यात झालेली असते. दर वेळी फक्त पोटाचं औषध दिलं की त्या वेळेपुरतं भागतं, मूळ तसंच राहतं, आणि ससा दर खेपेला थोडा आणखी खंगतो.

घरी आणण्याआधी मात्र एक खात्री करा. माळावर किंवा शेतात दिसलेला, तपकिरी-करडा, लांब पायांचा आणि मानेमागे काळा डाग असलेला ससा हा रानससा. तो पाळीव नाही आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना दिवसभर एकटं ठेवते आणि अंधार पडू लागला की दूध पाजायला येते. त्यामुळे गवतात एकटं बसलेलं पिल्लू पोरकं समजून उचलू नका. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा. पुढचं सगळं पाळीव सशाबद्दल.

आत्ता खात नसेल तर

कारण नंतर शोधू, आधी वेळ मोजा. मोठ्या सशाने १२ तास काही खाल्लं नसेल किंवा १२ तासांत एकही लेंडी टाकली नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिल्लू असेल तर एवढीही वाट पाहू नका. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते मंदावलं की वायू साठतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरून बाहेर पडायची वाटच नसते.

कानांना हात लावून बघा. कान गार आणि अंग ढिलं असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि तशीच घेऊन निघा. पोट अचानक डमरूसारखं टणक झालं असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका. आत अडथळा असला तर भरवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी तपासून अडथळा नाही असं सांगितल्यावरच भरवायचं. सशांसाठी मिळणारी तंतुमय पावडर नसेल तर त्याच्या खाण्याच्या गोळ्या (दुकानात मिळणारं सशाचं खाद्य, औषधाच्या नव्हेत) कोमट पाण्यात भिजवून, अगदी मऊ करून, सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, थोडं थोडं. एका वेळी साधारण किलोमागे १० मिली, दिवसातून चार-पाच वेळा. समोरून जोराने ढकललं तर ते फुप्फुसात जातं. प्रत्येक घोटानंतर त्याला चावू द्या, गिळू द्या, मग पुढचा.

औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि ससा त्यातच दगावू शकतो. घरातलं लहान मुलांचं सिरप तर मुळीच नाही. दुसरी, गोचीड-पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकतात त्या फिप्रोनिलच्या थेंबांची सशाला विषबाधा होते. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत दिवसभर कुत्री आणि मांजरंच येतात, त्यामुळे हे आपणहून नम्रपणे विचारलंच पाहिजे. जवळ सशांची सवय असलेला डॉक्टर नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हा चांगला पर्याय आहे. मुंबईत परळला, नागपुरात, साताऱ्याकडच्यांना शिरवळला.

लेंड्या बघायला शिका

हे काम कुणाला आवडत नाही, पण सगळी उत्तरं तिथेच असतात. रोज सकाळी ट्रे झाडताना मूठभर लेंड्या वर्तमानपत्रावर पसरायच्या. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, एकसारख्या, वाटाण्याएवढ्या आणि हलक्या पिवळट-तपकिरी असतात. बोटाने दाबली की भुगा होतो आणि आत गवताचे बारीक तुकडे स्पष्ट दिसतात. लेंड्या लहान, काळपट, टणक किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या की समजावं, आतडं मंदावतंय. ससा खाणं सोडतो त्याच्या एक-दोन दिवस आधीच हे दिसायला लागतं. केसाने गुंफलेल्या माळेसारख्या लेंड्या पडल्या तर पोटात केस जास्त आणि गवत कमी जातंय.

याशिवाय एक मऊ, चकचकीत, उग्र वासाचा, छोट्या द्राक्षांच्या घोसासारखा प्रकार असतो. तो ससा थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन खातो. ते घाणेरडं काही नाही, तो त्याच्या पोषणाचा भाग आहे. त्याला अडवू नका. हेच घोस फरशीवर तसेच पडलेले किंवा मागच्या केसांना चिकटलेले दिसू लागले तर घरचे म्हणतात, "जुलाब झालेत." बहुतेक वेळा ते जुलाब नसतात. गोड किंवा पिठूळ खाणं जास्त झालेलं असतं, किंवा जाडेपणामुळे अथवा दुखण्यामुळे त्याचं तोंड मागे पोचत नसतं. खरे पाण्यासारखे जुलाब झाले तर मात्र धावत दवाखान्यात जायचं, विशेषतः पिल्लू असेल तर. दाटीवाटीच्या पिंजऱ्यातून आलेल्या पिल्लांमध्ये कॉक्सिडिया नावाचे परजीवी नेहमी सापडतात आणि ते लेंड्यांच्या तपासणीत दिसतात.

सगळ्यात आधी गवत

वारंवार आजारी पडणारा ससा माझ्याकडे आला की मी औषधाची फाइल नंतर उघडते. आधी विचारते, दिवसभरात काय काय खातो? उत्तर ठरलेलं असतं. गाजर, काकडी, कोबी, दुकानातल्या रंगीबेरंगी गोळ्या, कधी पोळी, कधी बिस्कीट. "आणि गवत?" "ते तो खात नाही."

सशाच्या खाण्यात मोठा वाटा, साधारण ८० टक्के, सुक्या गवताचा हवा. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, २४ तास समोर. गवताच्या लांब तंतूंमुळेच आतडं हलतं राहतं आणि ते चावताना दाढा घासल्या जातात. बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे. गोळ्या द्यायच्याच तर मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या वर नकोत. त्यात रंगीत दाणे, मका, सूर्यफुलाच्या बिया असतील तर ते पाकीट परत करा. गाजर आणि फळ म्हणजे त्याची मिठाई, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे.

परदेशी टिमोथी गवत मिळतं, चांगलं असतं, पण महाग पडतं आणि कधी कधी बाजारातून गायबही होतं. त्यावरच अवलंबून राहायची गरज नाही. हरळी, म्हणजेच दूर्वा, हे सशासाठी उत्तम गवत आहे आणि ते महाराष्ट्रात कुठेही मिळतं. फुलबाजारातून दूर्वांच्या जुड्या आणा, पाण्यात खळखळून धुवा, सावलीत चादरीवर पसरून पूर्ण सुकवा. मारवेलही चांगलं. ओटचं सुकं गवत मिळालं तर तेही. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फार असतं, आणि जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं, मग लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते. वाढत्या पिल्लाला लसूणघास चालतो. भाताचा पेंढा अंथरायला छान, पण जेवण म्हणून कमी पडतो.

रस्त्याकडेचं गवत कापून आणणाऱ्यांना कळकळीने सांगते, तिथे कुत्री मुततात, तणनाशक मारलेलं असतं, आणि त्यात गाजरगवत, घाणेरी, कण्हेरीची पानं मिसळलेली असू शकतात. ही तिन्ही विषारी आहेत. लॉन कापायच्या यंत्रातून निघालेला चुरा तर ओलसर राहून आंबतो, तो कधीच नको. पावसाळ्यात घरातलं सुकं गवतही दगा देतं. गोणीत हात घालून मधलं गवत बाहेर काढा, वास घ्या. कुबट वास आला किंवा पांढरी भुकटी उडाली तर ती गोणी टाकून द्या. ऊन पडेल त्या दिवशी गच्चीत पसरायची सवय लावा आणि प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवा.

पावावर वाढलेला ससा गवत ओळखतच नाही. पाव, पोळी, बिस्कीट त्याच दिवशी बंद करा, पण गोळ्या एकदम बंद करू नका. दोन आठवड्यांत हळूहळू कमी करा. गवत त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या एका टोकाला भरा, कारण सशाला बसल्या बसल्या चघळायला आवडतं. गवतात कोथिंबिरीच्या काड्या, पुदिना, तुळशीची पानं लपवा. शोधता शोधता चार काड्या गवताच्याही जातात. या काळात किचनच्या वजनकाट्यावर टोपली ठेवून वजन बघत राहा. वजन उतरत असेल आणि लेंड्या बारीक होत असतील तर घाई झाली आहे, थोड्या गोळ्या वाढवा. पाल्यात कोथिंबीर, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला बिनधास्त द्या. पालक आणि माठ कधीतरी. कोबी-फ्लॉवरने काही सशांना वायू होतो, म्हणून मूळ प्रश्न सुटेपर्यंत ते बाजूला ठेवा. कांदा, लसूण आणि बटाटा कधीच नाही.

पाणी बाटलीपेक्षा जड चिनी मातीच्या वाडग्यात ठेवा. नळीतून थेंब थेंब चाटून ससा कमी पाणी पितो आणि कमी पाणी म्हणजे आतडं कोरडं.

गवत आहे, तरी खात नाही: दाढा

सशाचे दात, दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. वरचे पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलीमीटर वाढतात. गवत नसलेल्या सशाच्या दाढा नीट झिजत नाहीत. कडेला धारदार टोकं येतात आणि ती जिभेला किंवा गालाला कापतात. पुढचे दात मात्र दिसायला अगदी व्यवस्थित असू शकतात. "दात बघितले, ठीक आहेत" यावर म्हणूनच समाधान मानू नका.

ओळखायचं असेल तर त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि एक जाडसर गवताची काडी द्या. दाढ दुखणारा ससा भुकेलेला असतो, काडीकडे लगबगीने येतो. ती तोंडात घेतो, दोनदा चावतो, जबडा एका बाजूला वाकडा करतो, थांबतो, आणि काडी खाली पडते. परत उचलतो, परत पडते. मग तीच काडी सोडून शेजारचं मऊ कोथिंबिरीचं पान खातो. हे बघितलं की पोटाचं औषध बाजूला ठेवा. हनुवटीखालचे केस ओले किंवा चिकट असणं, एका डोळ्यातून सतत पाणी येणं, खालच्या जबड्याच्या कडेला बोटाला गाठी लागणं, ही आणखी लक्षणं. वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेजवळ असतात, त्यामुळे डोळ्याच्या तक्रारीचं मूळ तोंडात निघतं.

दाढा नीट बघायला भूल द्यावी लागते आणि बऱ्याचदा डोक्याचा एक्स-रेही. टोकं यंत्राने घासून काढतात. नेलकटरने दात तोडणं मात्र कुणालाही करू देऊ नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. एकदा वळण बिघडलेल्या दाढा पुन्हा वाढतातच, म्हणून काही सशांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे पुन्हा करावं लागतं. "तीन आठवड्यांनी पुन्हा तेच" या तक्रारीमागे मला गवतानंतर सर्वाधिक वेळा हेच सापडतं.

भूल द्यायच्या आदल्या रात्री "उपाशी ठेवा" असं सांगितलं तर थांबून विचारा. हा नियम उलटी होणाऱ्या प्राण्यांसाठी आहे. सशाला उपाशी ठेवलं तर आतडं बंद पडायची भीती जास्त. शस्त्रक्रियेनंतरही जितक्या लवकर खाईल तितकं बरं.

मादी असेल तर

सापडलेली मादी गाभण असू शकते. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. विण्याच्या आधी ती छातीचे केस उपटते, गवत तोंडात धरून कोपऱ्यात नेते आणि खाणं कमी करते. असं दिसलं तर खोलगट खोका आणि भरपूर गवत द्या आणि तिला शांत राहू द्या.

नर नसतानाही काही माद्या हेच सगळं करतात. ही खोटी गर्भधारणा, १६ ते १८ दिवसांत ओसरते आणि पुन्हा पुन्हा येत राहते. केस उपटताना ते पोटात जातात, खाणं कमी झालेलं असतं, आणि आतडं अडतं. खाणं सोडल्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या आणि त्यांना अशी लय दिसली तर उपाय नसबंदी हाच. तसंही वाढत्या वयात, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. नराची नसबंदी केली तरी पुढचे महिना-दीड महिना त्याला मादीपासून वेगळं ठेवा, तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात. मादी विल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. दोघांना "सोबत" म्हणून एका पिंजऱ्यात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उकाडा आणि आवाज

सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो. पारा ३० अंशांकडे गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मार्च ते जून म्हणजे रोजची परीक्षा. पत्र्याखालची गॅलरी आणि बंद बाल्कनी तर त्याच्यासाठी भट्टीच. दुपारी त्याला घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, शहाबादी फरशीवर जागा द्या. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कानांना ओला हात फिरवा. विदर्भ-मराठवाड्यात कूलर चालतो. कोकणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही, तिथे पंखा आणि ओली फडकीच. तोंड उघडून धापा टाकत असेल तर तो उष्माघात आहे. कान गार पाण्याने ओले करत दवाखाना गाठा, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

गणपतीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके यांनीही ससा खाणं सोडतो. भीतीनेसुद्धा आतडं थांबतं. त्या दिवसांत रस्त्यापासून लांबची खोली, दोन्ही बाजूंनी उघडा खोका, आणि ओळखीचं गवत. नव्या प्रकारचा पाला त्याच आठवड्यात सुरू करू नका. घरात कुत्रा-मांजर असेल तर ते दाराबाहेर बसलेलंही सशाला वासाने कळतं.

एवढं करूनही थांबत नसेल तर

मग दुखणं दुसरीकडे शोधायला हवं. तळपाय उलटे करून बघा. जाळीच्या पिंजऱ्यात राहिलेल्या सशांच्या टाचांना जखमा होतात. कानात खपल्या किंवा नाकावर-पंजांवर पांढरट पापुद्रे असतील तर ती खरूज. तिच्यामुळे आपल्यालाही खाज सुटू शकते, सशाची खरूज इंजेक्शनने बरी होते. लघवी करताना जोर काढत असेल तर मूत्राशयात खडे आहेत का ते बघायला एक्स-रे लागतो. नुसत्या लाल-नारिंगी लघवीने घाबरू नका, बहुतेक वेळा तो खाण्यातल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो. पावसाळ्यात शेपटीखाली ओलं-घाण राहिलं तर माशा अंडी घालतात आणि जखमेत अळ्या पडतात. रोज संध्याकाळी एकदा तिथे नजर टाका. अंघोळ घालू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. उचलताना मागचे पाय हाताने नीट आधारलेले हवेत. कान धरून उचललं किंवा पाय लोंबते राहिले तर तो जोराने लाथ मारतो आणि स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो.

वारंवार आजारी पडतो म्हणून कंटाळून कुणी सुचवतं, "बागेत सोडून द्या, गवत खाऊन जगेल." तो जगत नाही. पांढरा ससा कुत्र्यांना, मांजरांना, घारींना लांबून दिसतो आणि त्याला लपायची कला शिकवलेली नसते. शिवाय प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सांभाळणं शक्य नसेल तर दुसरं घर शोधा. घर देताना महिनाभर पुरेल एवढं त्याच्या सवयीचं गवत, वजनाची नोंदवही, आजवर दिलेल्या औषधांची नावं आणि दाढा शेवटच्या कधी घासल्या ती तारीख सोबत द्या. नव्या घरातली पहिली लेंडी पडल्याचा फोन येईपर्यंत संपर्कात राहा.